तोंडात धरलेला घोट

खाडीच्या काठाला सुंभवाडी नावाची एक लहानशी वाडी होती. त्या वाडीत एक आई राहत होती. तिला घरातलं, दारातलं सगळं काम येई. फक्त गप्प बसणं तेवढं येत नसे.

ही गोष्ट फार जुनी नाही. पण तेव्हा वाडीत फोन नव्हते. वीज आली होती, तीही पाहुण्यासारखी यायची आणि जायची. मुंबईला गेलेली माणसं पत्रं लिहायची, आणि ती पत्रं पोस्टमन तरीतून, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीतून, खाडी ओलांडून आणायचा. वाडीत घरोघरी काथ्याचं सुंभ वळत. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने कुजत ठेवायची, मग बाहेर काढून दांडक्यानं बडवायची, वाळवायची, आणि त्या काथ्याचं सुंभ वळायचं. दुपारी वाडीत शिरलं की दांडक्यांचा धप धप आवाज आणि रहाटाची कुरकुर एवढंच ऐकू येई.

सुंभ वळायला दोन माणसं लागतात. एकीनं रहाट फिरवायचा. दुसरीनं कमरेला काथ्या बांधून, हातानं तो सोडत सोडत मागे मागे चालायचं. मध्येच काथ्याचा गोळा येतो. तेव्हा रहाटावरच्या बाईनं हात थांबवायचा. ओरडायचं नाही, ओढायचंही नाही. गोळा सोडवायचा तो वळणारीनं. रहाटवालीनं घाई केली की सुंभ तुटलंच म्हणून समजा. वाडीतल्या पाच वर्षांच्या पोरीलाही हे ठाऊक असे.

त्या आईचं नाव सुगंधा. ती सातवी शिकली होती. तिच्या वयाच्या बायकांत तेवढं शिकलेली तीच एक. पुढची शाळा खाडीपलीकडे होती, म्हणून तिची शाळा तिथेच संपली. तिला एकच मुलगी होती, वत्सला. सगळे तिला वच्छी म्हणत. वच्छी दुसरीत होती, आणि सुगंधाच्या जिवाला तिच्या वाचनाचा घोर लागला होता. आपण सातवीत थांबलो, ही दुसरीतच थांबली तर? हिच्याही कमरेला जन्मभर काथ्याच का? आईच्या मनात एकदा असलं काही शिरलं की ते भात शिजवतानाही शिजत राहतं.

म्हणून रोज दिवेलागणीला सुगंधा वच्छीला ओट्यावर घेऊन बसायची. वच्छी पुस्तक उघडायची, ओळीखाली बोट ठेवायची.

"ख... खा..."

"खाडीत!" सुगंधा म्हणायची.

"खाडीत हो..."

"होडी! खाडीत होडी होती. पुढे?"

"होडीत... ह..."

"हरबा! होडीत हरबा बसला. शाबास! चल पुढे."

असा धडा पाच मिनिटांत संपायचा. सुगंधाला वाटे, पोरगी काय फडाफडा वाचते! खरं म्हणजे वाचत होती ती सुगंधाच. वच्छीचं बोट ओळीवर असे, पण डोळे आईच्या ओठांवर. पहिलं अक्षर म्हटलं की पुढचा शब्द आईच्या तोंडातून आपोआप पडतो, हे त्या हुशार पोरीनं केव्हाच ओळखलं होतं.

शेजारच्या जनाकाकीनं मात्र ते पाहिलं होतं. जनाकाकी म्हणजे सुगंधाच्या रहाटावरची जोडीदारीण. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण डोळे चांगले होते. एकदा कुंपणावरून डोकावून ती म्हणाली, "सुगंधा गो, तुझी वच्छी पुस्तक वाचता की आवशीचा तोंड?"

"काकी, तुमका वाचनातला काय कळता?" सुगंधा फणकारली.

"वाचनातला नाय कळत. तोंडातला कळता," जनाकाकी म्हणाली आणि हसत हसत निघून गेली.

पंधरा दिवसांनी शाळेतून निरोप आला. तिरोडकर गुरुजींनी बोलावलं होतं. गुरुजी त्या शाळेत इतकी वर्षं होते, की सुगंधाही त्यांच्याच हाताखाली शिकली होती. आता त्यांचे केस पांढरे झाले होते, पण टेबलावर बोटानं टकटक करायची सवय तीच होती. सुगंधा पदर सारखा करून दारात उभी राहिली आणि तिला उगाच वाटलं, आपला गृहपाठ राहिला आहे.

"सुगंधा, तुझी वच्छी वर्गात वाचत नाही," गुरुजी म्हणाले.

"असां कसां होयत, गुरुजी? घराकडे फडाफडा वाचता!"

"घरी ती वाचते तेव्हा तू कुठे असतेस?"

"बाजूकच बसतंय."

"आणि तुझं तोंड?"

सुगंधानं पदर ओठांवर घेतला. गुरुजी म्हणाले, "काल मी तिला वाच म्हटलं. तिनं एक अक्षर म्हटलं आणि मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी थांबलो. तीही थांबली. एवढी थांबली, की पलीकडे तिसरीतल्या मुलांचा बाराचा पाढा म्हणून झाला."

"मग सांगायचो होतो ना तिका शब्द!"

गुरुजी हसले. त्यांनी फळ्याकडे बोट केलं. फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलं होतं, 'शनिवारी पहिलं पत्र: वत्सला. भागीआजीचं येईल ते.'

सुगंधानं ते दोनदा वाचलं. वाडीतली ही म्हातारी मुंबईच्या मुलाच्या पत्राची रोज वाट बघत असे.

पहिलं पत्र म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. वाडीत ज्यांना वाचता येत नसे, त्यांची पत्रं पोस्टमन शाळेतच ठेवायचा. शनिवारी शाळा सकाळची. ती सुटली की गुरुजी पडवीत चटई अंथरायचे. पत्रांची माणसं येऊन बसायची, आणि शाळेतली मुलं त्यांना पत्रं वाचून दाखवायची. दुसरीतल्या मुलाला एक दिवस त्याचं पहिलं पत्र मिळे. त्या दिवशी त्याचे केस चापूनचोपून विंचरलेले असत. पत्र नीट वाचलं की ज्याचं पत्र तो पोराच्या हातावर खडखडे लाडू ठेवी. मोठेपणी मुंबईत मोठ्या हुद्द्यावर गेलेली माणसंसुद्धा त्या लाडवाची चव सांगत बसत.

आणि एक रीत होती. पहिलं पत्र वाचताना पोराच्या घरच्या माणसानं समोर बसायचं आणि तोंडात पाण्याचा एक घोट धरायचा. पत्र संपेपर्यंत तो गिळायचा नाही, टाकायचाही नाही. घरच्या माणसाची जीभ बांधून ठेवायला गुरुजींना दुसरा उपाय सापडला नव्हता.

"गुरुजी, पुढच्या वर्षी द्या तिका पत्र," सुगंधा काकुळतीला आली. "एवढ्या माणसांत अडली तर पोर जन्मभर तोंड उघडूची नाय."

"आणि तू शब्द पुरवत राहिलीस तर तिला तोंड उघडायची गरजच पडायची नाही," गुरुजी म्हणाले. "शनिवारी ये. पाणी शाळेचंच असेल."

सुगंधा घरी आली. त्या दिवशी तिच्या हातून दोनदा काथ्या सुटला. जनाकाकीनं दोन्ही वेळा मुकाट्यानं रहाट थांबवला.

शुक्रवारी दुपारी तातू पोस्टमन तरीतून उतरला. शाळेकडे जाताना तो सुगंधाच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकत असे. त्या दिवशी सुगंधानं त्याला पाण्याबरोबर गूळही दिला. गुळाचा खडा जरा मोठाच होता.

"तातू, भागीआजीचा काय इला?"

"इला ना. झिलाचा कार्ड इला."

"बघू."

"सुगंधाबाय, दुसऱ्याचा कार्ड वाचू नये."

"वाचतंय खंय? अक्षर कसा आसा तेवढाच बघतंय. पोराक लागूक नको?"

तातूनं गुळाकडे पाहिलं, मग खाडीकडे पाहिलं, आणि पिशवी तिच्या बाजूला सरकवली. सुगंधाला कितीसा वेळ लागणार? कार्डावर पाच ओळी होत्या. तातूचा तांब्या रिकामा होईपर्यंत तिनं त्या मनात उतरवून घेतल्या. कार्ड परत पिशवीत गेलं.

संध्याकाळी वच्छीचं पुस्तक उघडलंच नाही. सुगंधा म्हणाली, "म्हण माझ्यामागून. तीर्थरूप आईस, विश्रामचा साष्टांग नमस्कार."

वच्छीनं म्हटलं.

"पत्रास कारण की, मी इकडे खुशाल आहे, काळजी नसावी. सुनेचे दिवस भरत आले आहेत. तिची तब्येत बरी आहे. पाठवलेले नारळ मिळाले. कळावे."

वच्छी म्हणत गेली. चार वेळा म्हटलं, पाच वेळा म्हटलं. मग तिनं विचारलं, "आई, ह्यां माझ्या पुस्तकात नाय."

"उद्याच्या पत्रात आसा."

"मग मी पत्र बघूनच वाचीन."

"बघूनच वाच. पण पाठ असूक होया."

"पाठ असला तर बघू कशाक?" वच्छीनं विचारलं.

 सुगंधा म्हणाली, "मोठ्यांका उलट विचारू नये. म्हण, तीर्थरूप आईस."

शनिवार उजाडला. सुगंधानं वच्छीच्या दोन वेण्या घातल्या, त्यांत अबोलीचा वळेसर माळला. शाळा सुटली. पडवीत चटई पडली. जनाकाकी आली, वाडीतल्या चार बायका आल्या, दोन म्हातारे आले. पोरांनी पायऱ्या भरल्या. भागीआजी सगळ्यात पुढे बसली होती. तिचा विश्राम मुंबईला होता, आणि तिकडेच सुनेचे दिवस भरत आले होते. महिनाभर म्हातारीला नीट झोप नव्हती. पदराच्या गाठीत लाडू होता, आणि त्याचा गोड वास गाठीबाहेर येत होता.

गुरुजींनी सुगंधाच्या हातात पितळी पेला दिला. तिनं घोट घेतला. गाल फुगले. पोरं खुसखुसली. सुगंधाच्या मनात तेवढी धाकधूक नव्हती. पाच ओळी पोरीला पाठ होत्या.

तेवढ्यात तातू पोस्टमन धापा टाकत पडवीत आला. "गुरुजी, सकाळच्या तरीतून आजून एक इला. भागीआजीचाच आसा. आंतर्देशीय. कालचा कार्ड आधीचा, वाटेत रवलेला, ह्यां ताजा."

भागीआजी चटकन पुढे सरकली. "ताजा असात ता आधी वाचा. माझ्या सुनेचा काय ता माका आधी कळूक होया."

गुरुजींनी निळं पत्र फोडलं, सरळ केलं आणि वच्छीच्या हातात दिलं.

सुगंधाचे डोळे विस्फारले. हात वर गेला. पण सांगणार काय? तोंडात पाणी.

वच्छी उभी राहिली. बोट पहिल्या ओळीवर ठेवून तिनं खणखणीत आवाजात सुरुवात केली, "तीर्थरूप आईस, विश्रामचा साष्टांग नमस्कार."

बरोबर होतं. विश्रामची सगळी पत्रं अशीच सुरू होत. बायकांनी माना डोलावल्या.

"पत्रास कारण की, मी इ..."

वच्छी थांबली. तिनं बोटाखाली पाहिलं. मग बोट उचललं, परत ठेवलं.

"काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

"ह्यां तां पत्र न्हय," वच्छी हळूच म्हणाली. "माका पाठ आसा तां येगळा."

 मग सगळ्यांच्या माना सुगंधाकडे वळल्या. तातू पोस्टमन छताची कौलं मोजू लागला. सुगंधाचा चेहरा तांबडालाल झाला. फुगलेले गाल, भरलेलं तोंड, आणि तोंडातून एक शब्द काढता येईना.

गुरुजींना काय समजायचं ते समजलं. पण ते सुगंधाला काही बोलले नाहीत. वच्छीला म्हणाले, "ते हे पत्र नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. हंय 'मी' नाय." वच्छीनं बोट ओळीवर टेकवलं. "हंय 'तू' आसा."

"म्हणजे तू वाचलंस," गुरुजी म्हणाले. "आता पुढे वाच."

वच्छीनं सवयीनं मान वर केली. आईच्या तोंडाकडे पाहिलं.

आईचे ओठ घट्ट मिटलेले होते.

आता सुगंधाची अवस्था काय सांगावी! ती वच्छीपासून हातभर अंतरावर होती. निळ्या कागदावरचं अक्षर ठळक होतं. पुढचा शब्द तिला इथूनही दिसत होता. घोट गिळायला किती वेळ लागतो? गिळावा, शब्द सांगावा, पोर सुटेल. इतक्या माणसांत तिची फजिती व्हायला नको. घसा हललासुद्धा.

आणि नेमकं तेव्हा तिला तिचे आबा आठवले.

सुगंधाचे आबा, म्हणजे तिचे वडील. ते जन्मभर रहाट फिरवत राहिले. सुगंधाचं पहिलं पत्र होतं, तेव्हा तेच या पडवीत, याच खांबाला टेकून बसले होते. हाच पितळी पेला होता. आबांना तर एक अक्षर वाचता येत नव्हतं. पेला हातात घेतल्यावर सगळे हसले होते. कुणीतरी म्हणालं होतं, "आबा, तुका वाचूक येणा नाय, तू पाणी कशाक धरतंस?" आणि आबा म्हणाले होते, "वाचूक येणा नाय, पण घाई करूक येता ना!"

मग त्यांनी घोट घेतला होता. सुगंधा तेव्हा खूप अडखळली होती. एका शब्दाशी तर बराच वेळ उभी होती. तिला आबांचा राग आला होता. इतर वेळी एवढं बोलणारे आबा, आता साधं 'हूं' म्हणत नाहीत? ते नुसते तिच्याकडे बघत होते. काथ्याचा गोळा आला की रहाटावरचा हात थांबवून बघायचे, तसेच. त्या नजरेत घाई नव्हती. गोळा सुटणार, याची त्यांना खात्री असायची.

सुगंधानं हात मांडीवर ठेवले. घोट तसाच धरला. तिनं वच्छीकडे पाहिलं, आबा पाहायचे तसं.

वच्छीनं थोडी वाट पाहिली. आईचं तोंड काही उघडेना. मग तिनं मान खाली घातली. आता नजर ठेवायला कागदाशिवाय दुसरी जागाच नव्हती.

"पत्रास... कारण की... तू... आ... आजी... झालीस."

भागीआजीनं छातीवर हात ठेवला. बायका पुढे सरकल्या.

"मु... मुल... मुलगी झाली. दो... दोघी... खु... खुशाल आहेत."

"देवा म्हाराजा," भागीआजी पुटपुटली आणि डोळे पुसू लागली.

"मुलीचं नाव..." वच्छी वाचत गेली आणि अडली. पुढचा शब्द लांब होता. तिनं तो कधी ऐकलाच नव्हता. "भा..."

पडवीत सगळे वाट बघत राहिले. पायरीवरचा एक मुलगा कुजबुजायला लागला, तेव्हा जनाकाकीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. सुगंधाला तो शब्द दिसत होता. तो ऐकून म्हातारीचं काय होईल, तेही तिला दिसत होतं. पाणी तोंडात कोमट झालं होतं. डोळ्यांत वेगळं पाणी आलं होतं. तिनं ओठ आणखी मिटले.

वच्छी कसनुशी होऊन म्हणाली, "आजी, माका येळ लागतलो."

"लागांदे गो चेडवा," भागीआजी म्हणाली. "पत्राक मुंबयसून येऊक इतके दिस लागले. तुका एका शब्दाक कसली घाई? सावकाश वाच. माका खंय जावचा नाय."

वच्छीनं बोट अक्षराअक्षरावरून सरकवलं. "भा... गी... र... थी." मग एकदम, "भागीरथी. मुलीचं नाव भागीरथी ठेवलं आहे."

भागीआजी पुढे वाकली. मग तिनं विचारलं, "काय म्हटलंस?"

"भागीरथी."

"परत एकदा वाच."

वच्छीनं परत वाचलं. या वेळी न अडता.

"तां माझा नाव," भागीआजी म्हणाली. "माका ह्या नावान कोणी हाक मारूक नाय, किती वर्सा झाली. सगळे भागी, भागी म्हणतत. झिलाच्या ध्यानात रवला." आणि ती रडायला लागली आणि हसायलाही लागली. रडता रडता तिनं पदराची गाठ सोडून लाडू वच्छीच्या हातावर ठेवला. मग तिला तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून तिनं वच्छीला जवळ घेऊन कानशिलांवर बोटं मोडली.

उरलेलं पत्र वच्छीनं वाचून टाकलं. दोनतीनदा अडली, पण मान वर केली नाही. एकदा तर एक शब्द चुकला, तो तिनंच मागे जाऊन दुरुस्त केला. 'कळावे' म्हणून तिनं पत्र घडी करून आजीला दिलं, आणि मग आईकडे पाहिलं.

सुगंधा अजून गाल फुगवून बसली होती.

"सुगंधा," गुरुजी म्हणाले, "पत्र संपलं. आता गीळ."

सगळी पडवी हसली. जनाकाकी म्हणाली, "सुगंधा इतको येळ गप! आज देवाक नारळ देऊक होयो."

सुगंधानं घोट गिळला. आता बोलायची मोकळीक होती. ती उठून भागीआजीपुढे आली. "आजी, काल तुमचा कार्ड मी वाचलंय. पोराक पाठ करून घेतलंय. माझी चूक झाली. तातूक बोलू नका, मीच त्याका गूळ दिलंय."

भागीआजीचा हात निळ्या कागदावरून फिरत होता. "कार्डात काय होता?"

"सून बरी आसा म्हणून होता."

"मग कालच सांगायचा ना गो माका!" म्हातारी म्हणाली. "एक रात तरी झोपले असते." हे हसत म्हटलेलं नव्हतं. सुगंधाला ते लागलं, आणि पुढेही बरीच वर्षं लागत राहिलं. आपल्या पोरीची काळजी करता करता आपण दुसऱ्याच्या काळजीवर पाय देऊन गेलो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ते कार्ड गुरुजींनी वच्छीला वाचायला दिलं नाही. "ते तुला पाठ आहे. जाता जाता आजीला म्हणून दाखव," ते म्हणाले. वच्छीनं म्हातारीचा हात धरून माडांच्या वाटेनं तिला घरी पोचवलं, आणि वाटभर अख्खं कार्ड तीन वेळा म्हणून दाखवलं. लाडू अर्धा खाल्ला, अर्धा आईला ठेवला.

त्या संध्याकाळी ओट्यावर पुस्तक उघडलं. वच्छीनं बोट ठेवलं. सुगंधानं बाजूला पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि एक घोट तोंडात घेतला. पहिल्या दिवशी एका धड्याला चार घोट लागले. कारण तीनदा तिनं न राहवून गिळून टाकला. पण शब्द सांगितला नाही. गिळल्यावर दर वेळी आबांचं ते वाक्य तिच्या कानात यायचं, आणि ती परत तांब्या उचलायची. धडा पाच मिनिटांत संपायचा तो आता अर्धा तास चालू लागला. कुंपणावरून जनाकाकी म्हणायची, "आज वच्छी वाचता हां!"

गणपतीपर्यंत वच्छीला एका धड्याला एकच घोट पुरू लागला. त्यानंतर तांब्याची गरज राहिली नाही. तरी सुगंधा तो ठेवायची.

वच्छी पुढे खाडी ओलांडून पलीकडच्या शाळेत गेली. मग त्याहून पुढे गेली. तिच्या पहिल्या नोकरीच्या गावाहून तिचं पत्र आलं, तेव्हा सुगंधानं ते लगेच वाचून टाकलं नाही. ते घेऊन ती शाळेच्या पडवीत गेली, तिथल्या एका दुसरीतल्या पोराच्या हातात दिलं, आणि समोर बसून त्याच्याकडून अक्षर अक्षर वाचून घेतलं. तेवढा उशीर तिला हवाच होता.

आता तिरोडकर गुरुजी नाहीत. भागीआजी नाही. मुंबईची भागीरथी दरवर्षी मे महिन्यात वाडीत येते, तिलाही मुलं आहेत. पत्रं येत नाहीत, शनिवारची चटई केव्हाच गुंडाळली गेली. खाडीवर पूल झाला, तरीची होडी बंद पडली. रहाट दोनचार घरांत उरलेत, तेही बहुतेक पडवीत उलटे टाकलेले. पण दिवेलागणीला त्या वाडीतून चालत गेलात, तर एखाद्या ओट्यावर दुसरीतलं पोर पुस्तक उघडून बसलेलं दिसेल, आणि त्याच्या आईजवळ पाण्याचा तांब्या. नवख्या माणसाला वाटतं, पोराला तहान लागली तर असावा म्हणून ठेवलाय.

तात्पर्य: मूल वाचताना अडलं, तर त्याचा शब्द आपण उचलू नये. आपलं तोंड मिटून, पण माया न मिटता, त्याच्यासमोर थांबावं. ज्याच्यासाठी कुणीतरी विश्वासानं थांबतं, ते मूल आपल्या पायांनी ओळीच्या शेवटापर्यंत पोचतं.